हाँगकाँगचं प्रत्यार्पण विधेयक : लोक नक्की कशाला घाबरले होते?

घाटमाथा

मल्ल्याच्या प्रत्यार्पणावरच्या धाग्यात एका सदस्यांनी विचारलं होतं, "पळालेला आरोपी जिथला तिथे परत पाठवायचा, यात वाईट काय? याच गोष्टीविरुद्ध हाँगकाँगमध्ये लाखो लोक रस्त्यावर का आले, ते मला आजवर कळलेलं नाही." प्रश्न रास्त आहे. तिथे उत्तर दिलं असतं तर मूळ विषय भरकटला असता, म्हणून हा वेगळा धागा.

आधी एवढं लक्षात घ्या : हाँगकाँग १९९७ पर्यंत ब्रिटिशांकडे होतं, तेव्हापासून ते चीनचा भाग आहे, पण कायदे आणि कोर्टं मुख्य भूमीपेक्षा, म्हणजे उरलेल्या चीनपेक्षा, वेगळी. सुरुवात एका खुनापासून होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये हाँगकाँगचं एक तरुण जोडपं तैवानला फिरायला गेलं. मुलगी परत आली नाही. मुलगा परतला आणि पुढे त्याने खुनाची कबुली दिली. पण खून तैवानात झालेला, त्यामुळे हाँगकाँगच्या कोर्टाला तो खटला चालवता येईना. तैवानशी प्रत्यार्पणाचा करार नाही, त्यामुळे त्याला तिकडे पाठवताही येईना. शेवटी तिच्या पैशांच्या अफरातफरीबद्दल त्याला २९ महिन्यांची शिक्षा झाली. मुलीच्या आईवडिलांचं दुःख खरं होतं आणि कायद्यातली अडचणही खरी होती, हे आधी मान्य करू.

फेब्रुवारी २०१९ मध्ये सरकारने यावर उपाय म्हणून विधेयकाचा प्रस्ताव आणला. १९९७ च्या मूळ कायद्यात एक स्पष्ट कलम होतं : हा कायदा चीनच्या इतर कुठल्याही भागाला लागू नाही. म्हणजे मुख्य भूमी, मकाव आणि बीजिंगच्या दृष्टीने तैवानसुद्धा. ही वगळणूक काढून टाकायची आणि ज्यांच्याशी करार नाही तिथेही प्रत्येक प्रकरणापुरता निर्णय घेऊन आरोपी पाठवायचा, असा सरकारचा बेत होता. तो निर्णय सुरू करणार कोण? मुख्य प्रशासक, म्हणजे हाँगकाँग सरकारचा प्रमुख. पूर्वी अशा एका प्रकरणापुरत्या व्यवस्थेला विधिमंडळाची छाननी लागायची, तीही काढून टाकली.

आता या मुख्य प्रशासकाला तेव्हा कोण निवडायचं, ते पाहा. १२०० जणांची समिती. २०१७ मध्ये कॅरी लाम ७७७ मतांनी निवडून आल्या. शहराची लोकसंख्या तेव्हा सुमारे ७५ लाख. नेमणुकीवर शेवटची सही बीजिंगची. बीजिंगने मागितलेल्या माणसाला 'नाही' म्हणायची जबाबदारी बीजिंगनेच नेमलेल्या माणसावर टाकली होती.

हाँगकाँगच्या लोकांनी विधेयक नीट वाचलं होतं आणि त्यांची भीती कलमांतूनच आलेली होती, हे मला ठासून सांगायचं आहे. 'परदेशी फूस', 'भडकलेली पोरं' ही स्पष्टीकरणं मला म्हणूनच पटत नाहीत.

---

पारिजात_क

छान मांडलंय. एक विचारू का? चीनच्या कोर्टाबद्दल एवढा अविश्वास कशामुळे? काही घडलं होतं का आधी?

---

घाटमाथा

पारिजातताई, घडलं होतं, आणि अगदी डोळ्यांसमोर. २०१५ च्या अखेरीस कॉजवे बे भागातल्या एका पुस्तकांच्या दुकानाशी संबंधित पाच जण एकामागोमाग गायब झाले. चिनी नेत्यांबद्दलची, मुख्य भूमीत बंदी असलेली पुस्तकं ते विकायचे. त्यातला एक थायलंडमधून नाहीसा झाला, एक खुद्द हाँगकाँगमधून. पुढे सगळे चिनी यंत्रणेच्या ताब्यात असल्याचं उघड झालं. त्यांतले लाम विंग-की २०१६ मध्ये परत आले आणि पत्रकार परिषद घेऊन त्यांनी सगळं सांगितलं. हेच लाम एप्रिल २०१९ मध्ये तैवानला निघून गेले, कारण हे विधेयक मंजूर झालं तर पहिल्या यादीत आपण असू, अशी त्यांना खात्री होती.

जानेवारी २०१७ मध्ये श्याओ जियानहुआ हा अब्जाधीश हाँगकाँगच्या पंचतारांकित हॉटेलातून मुख्य भूमीवर नेला गेला. २०२२ मध्ये त्याला १३ वर्षांची शिक्षा झाली, तोवर बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता नव्हता.

तेव्हा लोकांचं म्हणणं साधं होतं : आज हे चोरून करावं लागतं, उद्या कोर्टाच्या कागदावर होईल.

---

काळाकोट

कायद्याच्या अंगाने थोडं लिहितो, कारण मूळ प्रश्न तिथेच आहे.

प्रत्यार्पणात पाठवणारं कोर्ट गुन्हा शाबीत करत नाही. प्रथमदर्शनी पुरावा आहे का, एवढंच बघतं. मग आरोपीचं संरक्षण कशात असतं? मागणाऱ्या देशात त्याला नीट वागवलं जाईल का, खटला प्रामाणिक असेल का, हे विचारण्याच्या अधिकारात. आपल्याकडची दोन उदाहरणं घ्या.

मल्ल्याच्या प्रकरणात लंडनच्या वेस्टमिन्स्टर कोर्टाने जुलै २०१८ मध्ये आपल्या सरकारकडे आर्थर रोड तुरुंगातल्या बराक क्रमांक १२ चा व्हिडिओ मागितला होता. आत उजेड येतो का, हे न्यायाधीशांना बघायचं होतं. आपल्यातल्या पुष्कळांना तेव्हा राग आला. पण प्रत्यार्पणाच्या कोर्टाचं काम हेच असतं. समाधान झाल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये त्याच कोर्टाने प्रत्यार्पणाच्या बाजूने निकाल दिला.

दुसरं अबू सालेमचं. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला आरोपी. पोर्तुगालने तो २००५ मध्ये दिला, पण त्याआधी भारताकडून हमी घेतली : फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही. २०१७ मध्ये मुंबईच्या टाडा कोर्टाने त्याला जन्मठेप दिली, तरी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या हमीचं बंधन केंद्र सरकारवर आहे हे मान्य केलं. स्वतःच्या सरकारला दिलेल्या शब्दाची आठवण करून देणारं न्यायालय आपल्याकडे आहे, म्हणून पोर्तुगालच्या त्या हमीला अर्थ राहिला.

हाँगकाँगच्या विधेयकात हीच जागा पोकळ होती. मुख्य भूमीतला खटला न्याय्य होईल का, हे तपासायची पुरेशी सोय कोर्टाकडे नव्हती. मुख्य प्रशासकाचं प्रमाणपत्र आलं की व्यवस्था ठरली, असं गृहीत धरायचं होतं. आणि मुख्य भूमीतल्या फौजदारी खटल्यांत दोषी ठरण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांच्या वर असतं. तिथे दिलेली हमी पाळली गेली नाही तर आरोपीने दाद कुठे मागायची?

६ जूनला हाँगकाँगचे वकील काळे कपडे घालून मूक मोर्चाने निघाले. सुमारे तीन हजार. एरवी ही मंडळी रस्त्यावर उतरणारी नव्हेत. याच कारणासाठी उतरली.

---

सडेतोड

मी वेगळं मत मांडतो. सगळे एकाच बाजूने लिहिताहेत.

एक, त्या खून झालेल्या मुलीचं काय? लाखोंचे मोर्चे निघाले आणि तिच्या खुनाचा खटला उभाच राहिला नाही. आरोपी ऑक्टोबर २०१९ मध्ये शिक्षा संपवून बाहेर आला. दोन, ब्रिटिशांच्या काळात तरी कुठे लोकशाही होती? गव्हर्नर लंडनहून यायचा. तेव्हा कुणाला रस्त्यावर यावंसं वाटलं नाही? तीन, हिंसा. स्टेशनं फोडली, दुकानं जाळली, एका म्हाताऱ्या सफाई कामगाराचा विटेने जीव गेला, एका माणसाला भर रस्त्यात पेटवलं. याला आंदोलन म्हणायचं?

---

काळाकोट

सडेतोड साहेब, पहिल्या मुद्द्यापुरतं लिहितो. तैवानला तो आरोपी हवाच होता. पण मे २०१९ मध्ये तैवान सरकारने जाहीर सांगितलं की या विधेयकामुळे आमच्या नागरिकांना मुख्य भूमीत पाठवलं जाण्याचा धोका असेल, तर त्याखाली आम्ही आरोपी स्वीकारणार नाही. म्हणजे ज्या एका प्रकरणाच्या नावाने विधेयक आणलं, ते प्रकरण त्याने सुटणार नव्हतंच. तरीही सरकार थांबलं नाही. पर्यायही पुढे आले होते : परदेशात केलेल्या खुनाचा खटला हाँगकाँगच्याच कोर्टात चालवता येईल अशी दुरुस्ती करा, किंवा फक्त तैवानपुरती व्यवस्था करा. दोन्ही नाकारले गेले.

आणि आणखी एक. उद्योजकांनी काळजी व्यक्त केली तेव्हा ४६ प्रकारच्या गुन्ह्यांतून ९ आर्थिक प्रकार लगेच वगळले. पुढे मे महिन्यात, ज्यांची कमाल शिक्षा सात वर्षं किंवा त्याहून जास्त आहे असेच गुन्हे धरू, अशीही सवलत दिली. व्यापाऱ्यांची भीती ऐकून घेता येते आणि सामान्य माणसाची नाही, हे लोकांना बोचलं.

---

तुंगचुंगकर

मी २०१९ साली हाँगकाँगला नोकरीला होतो. राहायला तुंग चुंगला, विमानतळाच्या शेजारी. तिथे भारतीय कुटुंबं बरीच आहेत. परदेशी नोकरदार म्हणून आम्ही मोर्चांपासून लांब राहायचो, पण शहर एवढुसं आहे की बघायला जावं लागत नाही, समोरच येतं.

९ जूनचा मोर्चा : आयोजकांच्या मते १० लाख ३० हजार, पोलिसांच्या मते २ लाख ४० हजार. रात्री सरकारचं निवेदन आलं, बुधवारी विधिमंडळात विधेयकाचं दुसरं वाचन ठरल्याप्रमाणे होणार. माझ्या ऑफिसातली एक सहकारी, आयुष्यात कधी राजकारणावर न बोललेली, सोमवारी सकाळी नुसती खुर्चीत बसून होती. "आम्ही एवढे सगळे गेलो, आणि त्यांनी झोपायच्या आधी उत्तर देऊन टाकलं," असं म्हणाली. पुढे जे जे झालं त्याचं मूळ मला त्या निवेदनात दिसतं.

१२ तारखेला तरुणांनी विधिमंडळाला वेढा घातला. अश्रुधूर, रबरी गोळ्या. सिटिक टॉवरसमोर परवानगी असलेल्या सभेतले लोक दोन्ही बाजूंनी धुरात अडकले आणि एका अरुंद काचेच्या दारातून आत शिरायला धडपडले. त्याच संध्याकाळी कॅरी लाम यांची टीव्हीवरची मुलाखत लागली. मूल हट्ट करेल तेव्हा आईने दर वेळी ऐकायचं नसतं, अशा अर्थाचं त्या बोलल्या. दोन दिवसांनी चेटर गार्डनमध्ये हजारो आया जमल्या. आमची मुलं हट्टी नाहीत, आणि आम्ही मुलांवर अश्रुधूर सोडत नाही, हे सांगायला.

१५ ला विधेयक स्थगित झालं, रद्द नव्हे. त्या संध्याकाळी पिवळा रेनकोट घातलेला एक माणूस इमारतीच्या बांधकामावर फलक लावून उभा होता, तो पडून गेला. १६ ला जे लोक निघाले ते आयोजकांच्या हिशेबाने जवळजवळ २० लाख. पोलिसांनी ३ लाख ३८ हजार म्हटलं. आकडा कुठलाही घ्या. त्या गर्दीतून रुग्णवाहिका आली तेव्हा माणसं बाजूला सरली, गाडी गेली आणि रस्ता पुन्हा भरला. तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल.

हिंसेबद्दल सडेतोड यांनी लिहिलंय ते घडलं आहे. मी नाकारत नाही. शँग शुईच्या त्या ७० वर्षांच्या कामगाराची बातमी आली तेव्हा माझ्या ओळखीतले आंदोलनाचे कट्टर समर्थकही सुन्न झाले होते. पण त्याआधीचे पाच महिनेही सांगायला हवेत. २१ जुलैला युन लाँग स्टेशनात पांढऱ्या कपड्यांतल्या टोळीने काठ्यांनी प्रवाशांना झोडपलं आणि पोलीस अर्ध्या तासाहून जास्त वेळ आले नाहीत. ३१ ऑगस्टला प्रिन्स एडवर्ड स्टेशनात पोलीस डब्यात शिरून मारत होते. त्यानंतर शहरात पोलिसांवर विश्वास ठेवणारी माणसं झपाट्याने कमी झाली. स्वतंत्र चौकशी ही पाच मागण्यांपैकी एक होती, आणि माझ्या समजुतीने सर्वांत सहज मान्य करता येण्याजोगी तीच होती. ती मान्य झाली असती तर ऑक्टोबर-नोव्हेंबर वेगळे गेले असते.

---

नीलांबरी

तुंगचुंगकर, बाकीच्या चार मागण्या कोणत्या? आणि नेता कोण होता या सगळ्याचा? मला कायम जोशुआ वाँगचंच नाव आठवतं.

---

तुंगचुंगकर

नीलांबरीताई, विधेयक पूर्ण मागे घ्या; १२ जूनला 'दंगल' म्हणणं मागे घ्या (दंगलीला तिथे १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणून हा शब्द महत्त्वाचा); अटक झालेल्यांवरचे खटले काढा; पोलिसांची स्वतंत्र चौकशी; आणि मुख्य प्रशासक व विधिमंडळासाठी सर्वांना मताधिकार.

नेता खरोखर नव्हता. जोशुआ वाँग २०१४ च्या छत्री आंदोलनाचा चेहरा. २०१९ चा जूनचा पहिला पंधरवडा तो तुरुंगातच होता. २०१४ मध्ये ७९ दिवस रस्ते अडवले, नेते पकडले गेले, हाती काही लागलं नाही. त्यातून पोरं शिकली होती. ब्रूस ली म्हणायचा तसं 'पाण्यासारखं राहा' : एका ठिकाणी ठाण मांडू नका, जमा, पांगा, दुसरीकडे जमा. चर्चा एलआयएचकेजी नावाच्या मंचावर चालायची आणि तिथेच मतं घेऊन ठरायचं. मोर्च्यात हेल्मेट हवं असेल तर डोक्यावर हात, कात्री हवी असेल तर बोटांची कात्री, आणि ती खूण मागे मागे जाऊन सामान हातोहात पुढे यायचं. ऑक्टोपस या प्रवासाच्या प्रीपेड कार्डावरून माग काढतील म्हणून मेट्रोच्या यंत्रासमोर सुट्या नाण्यांनी तिकीट काढणाऱ्यांच्या रांगा लागायच्या. जाणारे लोक जास्तीची तिकिटं आणि नाणी यंत्रावर ठेवून जायचे, मागच्यासाठी.

१ सप्टेंबरला विमानतळावरून मेट्रो बंद झाली. हजारो मुलं आमच्या तुंग चुंगवरून महामार्गाने चालत शहराकडे निघाली. तेवढ्यात शहरातून मोटारींची रांग लागली. अनोळखी लोक गाड्या घेऊन त्यांना न्यायला आले होते.

भारतीयांशी जोडलेली एक गोष्ट सांगून थांबतो. ऑक्टोबरच्या मध्यात मोर्चे काढणाऱ्या आघाडीचे जिमी शाम यांच्यावर हल्ला झाला. हल्लेखोर दक्षिण आशियाई दिसत होते अशी बातमी पसरली आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत भीतीचे निरोप सुरू झाले. २० ऑक्टोबरला मोर्चा नेथन रोडवरून, थेट चुंगकिंग मॅन्शन्ससमोरून जाणार होता. ज्यांनी ती इमारत पाहिली नाही त्यांच्यासाठी : भारतीय, पाकिस्तानी, आफ्रिकी माणसांची दुकानं, खानावळी, स्वस्त लॉज, सगळं एका छपराखाली. त्या दिवशी तिथली मंडळी दारात उभी राहून मोर्चेकऱ्यांना पाण्याच्या बाटल्या देत होती आणि मोर्चेकरी टाळ्या वाजवून आभार मानत होते. त्याच दुपारी पोलिसांच्या पाण्याच्या तोफेने जवळच्या कौलून मशिदीच्या दारावर निळं पाणी मारलं. दारात उभ्या असलेल्या लोकांमध्ये भारतीय समाजातले एक प्रतिष्ठित गृहस्थही होते. दुसऱ्या दिवशी कॅरी लाम मशिदीत जाऊन माफी मागून आल्या.

---

सडेतोड

तुंगचुंगकर, सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. युन लाँगचा प्रसंग मला एवढा माहीत नव्हता. माझा ब्रिटिशांचा मुद्दा मात्र तसाच उभा आहे.

---

घाटमाथा

सडेतोड, तो मुद्दा योग्यच आहे, आणि मला तर तो आंदोलकांच्याच बाजूचा वाटतो. ब्रिटिशांनी दीडशे वर्षं राज्य केलं आणि विधिमंडळातल्या काही जागा थेट मतदानाने भरायला १९९१ उजाडलं. जाताना १९८४ च्या करारात ५० वर्षं, म्हणजे २०४७ पर्यंत व्यवस्था बदलणार नाही असं लिहून घेतलं. त्या करारावर ना लंडनने हाँगकाँगच्या लोकांना विचारलं, ना बीजिंगने. ऑक्टोबर २०१९ मध्ये तोंडावर मास्क लावायला बंदी घातली, ती कुठल्या कायद्याखाली? १९२२ चा, ब्रिटिशांनी संप मोडायला केलेला आणीबाणीचा कायदा. आपल्याकडेही इंग्रजांच्या काळची कलमं पुढच्या सरकारांना किती उपयोगी पडली, ते आपण जाणतोच.

आणि त्या काळातही लोक गप्प नव्हते. १९६७ मध्ये ब्रिटिशांविरुद्ध तिथे मोठी उग्र आंदोलनं झाली. ब्रिटिश गेल्यावरही, २००३ मध्ये, पाच लाख लोक राष्ट्रीय सुरक्षेच्या विधेयकाविरुद्ध चालले आणि सरकारला ते गुंडाळावं लागलं. २०१९ ला लोक निघाले तेव्हा २००३ चा तो अनुभव गाठीशी होता. मोर्चाने कायदा थांबतो, हे त्यांनी एकदा पाहिलं होतं.

---

पारिजात_क

मग शेवटी जिंकलं कोण? विधेयक तर मागे घेतलं ना?

---

घाटमाथा

घेतलं. ४ सप्टेंबरला घोषणा, २३ ऑक्टोबरला विधिमंडळात अधिकृतपणे. २४ नोव्हेंबरला जिल्हा परिषदांच्या निवडणुका झाल्या. एरवी रस्ते-गटारं बघणाऱ्या या परिषदा, पण ७१ टक्के मतदान झालं आणि १८ पैकी १७ परिषदा लोकशाहीवाद्यांकडे गेल्या. 'मूक बहुसंख्य आमच्या बाजूने आहेत' हा सरकारचा दावा तिथे संपला.

पण त्यानंतरचं वाचल्यावर मला अजूनही चीड येते. ३० जून २०२० ला रात्री ११ वाजता राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला. तो बीजिंगमध्ये केला गेला, हाँगकाँगच्या विधिमंडळात आलाच नाही. त्याचा मजकूर लोकांना कायदा लागू झाला त्याच वेळी वाचायला मिळाला. त्यातलं कलम ५५ बघा : परकीय हस्तक्षेपामुळे गुंतागुंतीचं झालेलं प्रकरण, किंवा हाँगकाँग सरकारला अंमल करता येत नाही अशी गंभीर स्थिती, किंवा राष्ट्रीय सुरक्षेला मोठा आणि तातडीचा धोका, यांपैकी काहीही असेल तर बीजिंगचं सुरक्षा कार्यालय प्रकरण स्वतःकडे घेऊ शकतं. मग खटला मुख्य भूमीत, तिथल्या कोर्टात, तिथल्या फौजदारी प्रक्रियेने. प्रत्यार्पण विधेयकात निदान हाँगकाँगच्या न्यायाधीशासमोर एक सुनावणी तरी होती. इथे तीही नाही.

म्हणून 'आंदोलन फसलं' असं कुणी म्हटलं की मी वाद घालतो. विधेयकाच्या कलमांवर लोकांनी जी भीती बोलून दाखवली, ती सरकार सहा महिने खोटी ठरवत राहिलं. वर्षभराच्या आत तीच गोष्ट अधिक कडक स्वरूपात कायदा झाली. त्या वीस लाखांना आपण नेमकं कशाला घाबरतोय हे नीट कळलं होतं.

---

नीलांबरी

आणि आंदोलकांचं पुढे काय झालं?

---

तुंगचुंगकर

दहा हजारांवर अटका झाल्या. मोर्चे काढणारी आघाडी २०२१ मध्ये विसर्जित झाली. 'अ‍ॅपल डेली' हे लोकशाहीवाद्यांच्या बाजूचं दैनिक जून २०२१ मध्ये बंद पडलं. शेवटच्या अंकाच्या दहा लाख प्रती छापल्या, लोक मध्यरात्रीपासून रांगेत उभे होते. लोकशाहीवाद्यांनी उमेदवार ठरवण्यासाठी घेतलेल्या अंतर्गत निवडणुकीबद्दल ४७ जणांवर खटला झाला. त्यातले ४५ दोषी ठरले. नोव्हेंबर २०२४ मध्ये कायद्याचे प्राध्यापक बेनी ताई यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. ज्या २००३ च्या विधेयकाचा उल्लेख घाटमाथा यांनी केला, त्याचा आजचा अवतार मार्च २०२४ मध्ये एकमताने मंजूर झाला. विरोधात मत द्यायला सभागृहात कुणी उरलंच नव्हतं.

माझी ती सहकारी आता इंग्लंडमध्ये आहे. हजारो कुटुंबं तशी गेली. तिचे आईवडील तिकडेच राहिले.

---

पारिजात_क

शेवटचा प्रश्न. आता हाँगकाँगहून कुणाला आणायचं असेल तर आपला करार चालू आहे का?

---

काळाकोट

भारत-हाँगकाँग करार जून १९९७ मधला, हस्तांतराच्या अगदी तोंडावर झालेला. नीरव मोदी तिकडे असल्याचं कळलं तेव्हा २०१८ मध्ये आपण त्याच कराराखाली तात्पुरत्या अटकेची विनंती केली होती. पुढे तो लंडनला सापडला. नाभा तुरुंगफोडी प्रकरणातला आरोपी ऑगस्ट २०२४ मध्ये हाँगकाँगहून पंजाबला आणला गेला. म्हणजे करार चालू आहे.

पण २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, न्यूझीलंड, जर्मनी आणि अमेरिका यांनी आपापले करार स्थगित केले. आपल्याकडून पाठवलेला माणूस कलम ५५ मुळे पुढे मुख्य भूमीत जाणार नाही, याची खात्री त्यांना वाटेना. 'हाँगकाँग पळपुट्यांचं आश्रयस्थान होऊ नये' म्हणून २०१९ मध्ये विधेयक आणलं होतं. आज या सहा देशांचे पळालेले आरोपी हाँगकाँगमध्ये सापडले, तर त्यांना परत पाठवायचा जुना रस्ता बंद आहे.

४७ जणांच्या निकालपत्रावर कुणी लिहिणार असेल तर वेगळा धागा काढा. मी ते वाचलंय, त्यात भर घालीन.